कानात नंबर, गळ्यात पट्टा

मोबाइलवर फिरणारा एक व्हिडिओ तुमच्यापर्यंतही पोचला असेल. हिरवळीवर ओळीने मांडलेले पिंजरे, त्यांची दारं उघडली जातात आणि आतून पांढरी-तपकिरी, लांब कानांची कुत्री बाहेर डोकावतात. एखादं पाऊल टाकतं, गवत हुंगतं, मागे सरतं. पार्श्वभूमीला पियानो. खाली लिहिलेलं असतं की प्रयोगशाळेतल्या या कुत्र्यांनी आज पहिल्यांदा मातीला पाय लावला. बघणाऱ्याचा गळा दाटतो आणि तो व्हिडिओ पुढच्याला पाठवतो.

व्हिडिओ खोटा नसतो. पण कुत्र्यांची देहबोली ओळखणाऱ्या माणसाशेजारी बसून तो पुन्हा बघितला, तेव्हा मला वेगळंच काही दिसू लागलं. शेपूट पोटाखाली गेलेली. पाठ वाकलेली. सारखे ओठ चाटणं, नको तेव्हा जांभया देणं. कुत्र्यात ही सगळी ताणाची लक्षणं. त्यातल्या निम्म्या कुत्र्यांना त्या क्षणी पिंजऱ्यात परत जायचं होतं, आणि त्यांना कुणी जाऊ देत नव्हतं, कारण कॅमेरा चालू होता.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'दुसरं घर' हा विषय दिला, तेव्हा स्थलांतरितांवर आणि वृद्धाश्रमांवर लिहिणारे लेखक त्यांच्याकडे असतीलच, असा हिशेब करून मी या कुत्र्यांच्या मागे लागले. व्हिडिओ संपतो तिथून पुढे काय होतं, ते कोण निस्तरतं आणि किती काळ, एवढं बघायचं होतं.

ठमी

कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर ठमी राहते, प्रयोगशाळेतून सुटलेली बीगल. घरात आजी, मुलगा, सून आणि शेरू नावाचा गावठी कुत्रा. सुनेने मला दारातच बजावलं, "तिच्याकडे बघू नका, हात पुढे करू नका. नुसत्या येऊन बसा, चहा घ्या." मी तसंच केलं. ठमी जेवणाच्या टेबलाखाली होती. चहा संपून गप्पा चांगल्या रंगल्यावर ती मागच्या बाजूने आली, माझ्या पर्सचा वास घेतला आणि शेरूच्या अंगाला अंग लावून उभी राहिली. एवढ्यावर घरातल्यांनी एकमेकांकडे बघितलं. पाहुण्यांच्या बाबतीत ही प्रगती मोठी होती म्हणे.

तिच्या कानाच्या आतल्या गुलाबी कातडीवर निळसर शाईने गोंदलेला आकडा आहे. आजींनी तो दाखवायला कान उलटा केला नाही. "झोपली की दिसतो आपोआप. जागी असताना कानाला हात लावलेला तिला चालत नाही, मग कशाला लावायचा?"

ठमीला आणलं त्या दिवशी ती जिन्याशी येऊन थांबली. हट्ट म्हणून नव्हे. जिना ही काय वस्तू आहे हेच तिला कळेना. जन्मापासून ती ज्या जमिनीवर वावरली ती सगळी एका पातळीची होती. मुलाने तिला उचलून वर आणलं, आणि पुढे बरेच दिवस खाली-वर उचलूनच न्यावं लागलं. शिकवलं ते उलट्या क्रमाने. आधी फक्त शेवटची पायरी, ती जमली की शेवटच्या दोन. चढायला ती लवकर शिकली, उतरायला मात्र वेळ लागला, कारण उतरताना पुढचा खड्डा डोळ्यांना दिसतो.

पाण्याचं भांडं समोर ठेवूनही पहिल्या दिवशी ती प्यायली नाही. प्राणी ठेवण्याच्या जागांत पाणी बहुधा नळीच्या टोकाला असलेल्या झडपेतून मिळतं, चाटलं की थेंब येतो. भांड्यातलं गुपचूप पाणी प्यायचं असतं, हे ती शेरूला पिताना बघून शिकली. खरं तर निम्म्या गोष्टी तिला शेरूनेच शिकवल्या. गॅलरीत ऊन खायला बसायचं, पोळीचा तुकडा हातातून घ्यायचा, दारावरची बेल वाजली तरी जग बुडत नाही. माणसाने सांगितलेलं तिला पटत नव्हतं, पण दुसरं कुत्रं निवांत पडलेलं दिसलं की ती थोडी सैलावायची.

कुकरच्या शिट्टीने पहिले काही आठवडे ती न्हाणीघरात पळायची. त्या काळात आजी गॅसवर भात उकडायच्या, शिट्टी न होऊ देता. मिक्सर लावायच्या आधी सून ठमीला घेऊन खाली जायची. मग हळूहळू मिक्सर बंद दाराआड, मग अर्ध्या उघड्या दाराआड. प्रत्येक पायरीला सोबत उकडलेल्या अंड्याचा तुकडा. आवाज आला की अंडं मिळतं, असं गणित डोक्यात बसायला काही महिने गेले. मिक्सरचा आवाज ती आता सोसते. कुकरला अजूनही उठून जाते, पण पळत नाही.

शी-शूची गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची, कारण बहुतेक घरं इथेच हार मानतात. कुत्र्याच्या पिल्लाला झोपायची जागा स्वच्छ ठेवायची उपजत ओढ असते, त्या ओढीवरच आपण त्याला बाहेर न्यायची सवय लावतो. पण जिला खाणं, झोपणं आणि घाण करणं एकाच चौकोनात करावं लागलं, तिची ती ओढच मोडलेली असते. चार-पाच वर्षांच्या कुत्रीला महिन्याच्या पिल्लासारखं दर दोन तासांनी खाली न्यायचं, आणि खाली गेल्यावर तिला गवतावर पाय ठेवायचीच भीती. सोसायटीच्या सिमेंटच्या कडेवर ती करायची आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी यायच्या.

एक गोष्ट सुनेच्या लक्षात उशिरा आली. ठमी अंगावरून हात फिरवू द्यायची, पण पुढच्या पायाला हात लागला की दगडासारखी व्हायची. न गुरगुरता, न हलता. तो पाय ती आपण होऊन पुढे करून धरायची आणि तोंड दुसरीकडे फिरवायची. रक्त काढताना शीर तिथेच शोधतात. "चावली असती तरी मला बरं वाटलं असतं," सून म्हणाली. त्या पायाला या घरात कुणी मुद्दाम हात लावत नाही. नखं कापायची वेळ आली की एका वेळी एकच नख, आणि तिने पाय ओढून घेतला तर त्या दिवसापुरतं बंद.

आजींना या सगळ्याचं फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही. "शनिवारातल्या वाड्यातून या फ्लॅटात आले तेव्हा मला रात्री झोप यायची नाही. संडास घरातच आहे म्हणून आतून कसंतरी व्हायचं. मी तर माणूस."

बीगलच का

बीगल हा मुळात इंग्रजांचा सशामागे धावणारा शिकारी कुत्रा. कळपाने राहणारा, म्हणून भांडणाची आवड नसलेला. वजन साधारण दहा-बारा किलो, म्हणजे जागा कमी लागते आणि एका माणसाला सहज उचलता येतं. केस आखूड, शीर चटकन सापडते, आणि टोचलं तरी हा सहसा चावत नाही. औषध कंपन्यांच्या प्राणिगृहांत उभी हयात काढलेले एक निवृत्त पशुवैद्य मला डोंबिवलीत भेटले. त्यांच्या मते या जातीचा घात तिच्या चांगल्या स्वभावानेच केला. "डॉबरमन वापरून बघा म्हणावं," ते हसून म्हणाले, पण हसणं फार टिकलं नाही.

माणसाला देण्याआधी नवं औषध सहसा दोन प्रकारच्या प्राण्यांत तपासावं लागतं. एक उंदीर-घुशींसारखा कुरतडणारा आणि दुसरा त्या वर्गाबाहेरचा. त्या दुसऱ्या जागी गेली कित्येक दशकं बीगल आहे. जगाला हे एकदा डोळ्यांनी दिसलं ते 1975 साली ब्रिटनमध्ये. मेरी बीथ नावाच्या पत्रकार बाईंनी आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली आणि तंबाखूच्या पर्यायाची चाचणी म्हणून तोंडाला मुखवटे बांधून धूर ओढायला लावलेल्या बीगलांच्या रांगेचा फोटो बाहेर आणला. तो 'संडे पीपल'मध्ये छापून आला आणि गहजब झाला. बीगल मात्र प्रयोगशाळेतच राहिला.

मला कळायचं होतं ते वेगळं. सुटतात ती कुत्री कोणती? डॉक्टरांनी ते नीट समजावलं. औषधाचं विष किती, हे बघणाऱ्या चाचणीत शेवटी बहुधा प्राण्याला मारतात, कारण यकृत, मूत्रपिंड, हृदय यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय ती चाचणी पुरी होत नाही. तिथे सुटकेचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या प्रकारच्या चाचणीत औषध द्यायचं आणि ठरावीक तासांनी रक्त काढून ते शरीरात किती वेळ टिकतं हे मोजायचं. मग काही आठवडे औषध पूर्ण उतरू द्यायचं, आणि तोच कुत्रा पुढच्या औषधासाठी पुन्हा घ्यायचा. अशी कुत्री वर्षानुवर्षं तिथे असतात आणि तब्येतीने धडधाकट असतात. बाहेर येतात ती बहुतांशी ही, किंवा वापरातच न आलेली. ठमीच्या पुढच्या पायाचा अर्थ मला तेव्हा लागला.

डॉक्टर या सगळ्यात खलनायक नव्हते आणि तसं मला भासवायचंही नाही. त्यांच्या हाताखालचे मदतनीस आकड्यांऐवजी नावांनी कुत्र्यांना हाका मारायचे, ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. "नावं रजिस्टरात नव्हती. बोर्डावरही नव्हती. पण सगळ्यांना माहीत होती."

नियम आणि बिल

आपल्याकडे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची समिती 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली येते. तिला सगळे सीपीसीएसईए म्हणतात. अलीकडे तिचं नाव थोडं बदललं, पण जुनं नावच तोंडात आहे. जगभरात प्राणी-प्रयोगांची नीती तीन तत्त्वांवर चालते, 1959 साली विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी मांडलेल्या. शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, वापरायचेच तर कमीत कमी वापरा, आणि त्यांना त्रास कमी होईल अशी पद्धत सुधारा. भारताने त्यात चौथं जोडलं, पुनर्वसन.

त्यामागचे नियम वाचताना मी चकित झाले, कारण ते खरोखर चांगले आहेत. प्रयोग संपल्यावर प्राण्याची देखभाल आणि पुनर्वसन ही प्रयोग करणाऱ्याचीच जबाबदारी. त्याला मारायची परवानगी मोजक्या परिस्थितीत, म्हणजे तो लुळा पडला असेल, सततच्या वेदनेत असेल, किंवा त्याच्या जगण्याने माणसांना वा इतर प्राण्यांना धोका असेल तर. आणि या देखभालीचा खर्च संशोधनाच्या खर्चातच धरायचा. प्राण्याची जाणीव जितकी वरच्या दर्जाची, तितकी दरवर्षीची तरतूद जास्त. कुत्र्याला उंदरापेक्षा जास्त, माकडाला त्याहून.

आता जमिनीवरचं. मी ज्या घरांत गेले तिथे दातांचं बिल घरानेच भरलेलं होतं. ही कुत्री आली की पहिला मोठा खर्च दातांचाच. मऊ वा एकसुरी खाणं, चघळायला काही नाही, आणि काही जण सळ्या कुरतडत राहिलेले. भूल देऊन पाच-सात दात काढावे लागणं नवलाचं नाही. मग नसबंदी. मग गोचीडताप, कारण ज्या कुत्र्याने आयुष्यात गोचीड बघितली नाही त्याला पुण्या-बंगळुरूच्या झुडपात ती पहिल्याच पावसाळ्यात भेटते. संस्थेकडून कुत्रा मिळताना जे कागद येतात त्यांत लशींची नोंद असते, पण कोणकोणत्या औषधांसाठी तो वापरला गेला, हे बहुधा नसतं. पशुवैद्याला त्या अंधारातच काम करावं लागतं.

बंगळुरूची गच्ची

औषध संशोधनाच्या कंपन्या बंगळुरू आणि हैदराबादकडे एकवटल्या, म्हणून हे काम आपल्याकडे उभं राहिलं तेही प्रामुख्याने बंगळुरूत. क्रिस्टल रॉजर्स या बाईंनी 1991 साली सुरू केलेली 'कूपा' ही तिथली जुनी प्राणिसंस्था, आणि तिच्या जोडीने बीगलांसाठी राबणारा 'फ्रीगल्स ऑफ इंडिया' हा स्वयंसेवकांचा गट. 2016 साली बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेतून शंभराहून जास्त बीगल बाहेर आले, तेव्हा या लोकांचं काम देशभर कळलं. शंभर कुत्र्यांना शंभर घरं शोधणं हा प्रकार सोपा नव्हता. अमेरिकेत 2022 साली व्हर्जिनियातल्या एन्व्हिगो कंपनीच्या पैदास केंद्रातून सुमारे 4,000 बीगल काढावे लागले, तेव्हा देशभरातल्या निवाऱ्यांनी ते वाटून घेतले. आपल्याकडे निवारे तेवढे नाहीत. इथे घरंच लागतात.

प्रयोगशाळा आणि कायमचं घर यांच्यामध्ये एक टप्पा असतो, त्याला सगळे फोस्टर म्हणतात. बंगळुरूच्या उत्तर भागात अशा एका घरी मी गेले. घरच्या ताई मूळच्या बेळगावच्या, त्यामुळे मराठीतच बोलणं झालं. त्यांच्या गच्चीवर तेव्हा तीन बीगल होते, नुकतेच आलेले. गच्चीच्या कठड्याला माणसाच्या उंचीची जाळी, एका कोपऱ्यात गवताचा चौकोनी तुकडा, दुसऱ्या कोपऱ्यात वाळू, मध्ये जुन्या सतरंज्या. आणि तीन पिंजरे, दारं काढून ठेवलेले.

पिंजरे कशाला? मला ते विसंगत वाटलं होतं.

"बघा की, त्यांना तेवढंच ओळखीचं हाय," ताई म्हणाल्या. "ते काढून घेतलं तर जाणार कुठं? आत-बाहेर करू दे त्यांचं ते." तिघांपैकी एक गवतावर लोळत होता. एक पिंजऱ्यातून फक्त नाक बाहेर काढून बसला होता. तिसरा ठरावीक गोल फिरत होता, त्याच्या जुन्या जागेच्या मापाचा गोल. एवढी मोठी गच्ची मोकळी होती, पण त्याचा वळायचा बिंदू कुठे भिंत नसतानाही ठरलेला होता. हे फिरणं मोडायचा प्रयत्न ताई करत नाहीत. वाटेत एखाद दिवशी चीजचा तुकडा टाकून ठेवतात. तो घ्यायला तो थांबला, की गोलाचा आकार त्या दिवशी थोडा बिघडतो.

या टप्प्यावर दोन गोष्टी कटाक्षाने पाळल्या जातात. पहिली, शक्यतो दुसरं कुत्रं असलेल्या घरीच द्यायचं. दुसरी, पट्टे दोन. एक गळ्यात, एक छातीभोवतीचा हार्नेस, आणि दोन्हींना वेगळी दोरी. यांचा सगळ्यात मोठा धोका आजारपणाचा नाही, हरवण्याचा आहे. बुलेटचा आवाज झाला की घाबरून पाठीमागे सरत सरत हे गळ्यातला पट्टा डोक्यावरून काढतात आणि सुटतात. गावठी कुत्रं हरवलं तर गल्लीच्या खुणांवरून परत येतं. याला गल्ली माहीत नसते, रहदारी माहीत नसते, आणि हाक मारली तर येण्याइतकं नावही अजून अंगवळणी पडलेलं नसतं.

एक प्रश्न मला छळत होता, तो विचारला. इतकं करून कुत्रा लाडका होतो का? म्हणजे आपल्याला हवा तसा? ताईंनी सरळ सांगितलं की काही होतात, काही होत नाहीत. एका घरी चार वर्षं झाली, कुत्रा सुखात आहे, जेवतो, गच्चीवर ऊन खातो, दुसऱ्या कुत्र्याशी खेळतो, पण माणसाच्या मांडीवर एकदाही आलेला नाही. ते घर त्याला तसंच ठेवतं. माझ्या मते खरी कसोटी ही आहे. कृतज्ञतेची वाट बघणाऱ्याने या कामात पडू नये.

फ्लोरिडातली बेटं

घरी नेता येत नाहीत अशा प्राण्यांचं काय करायचं, याचा सगळ्यात मोठा अनुभव अमेरिकेला चिंपांझींच्या निमित्ताने मिळाला. 1950 च्या दशकात अमेरिकन हवाई दलाने आफ्रिकेतून पिल्लं पकडून आणली. न्यू मेक्सिकोतल्या होलोमन तळावर त्यांना अवकाश उड्डाणासाठी तयार केलं गेलं. जानेवारी 1961 मध्ये हॅम आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एनोस अवकाशात जाऊन परत आले. माणूस जायला लागल्यावर चिंपांझींची गरज सरली, पण चिंपांझी उरलेच. त्यांची आणि त्यांच्या पिल्लांची रवानगी रोगसंशोधनाकडे झाली, आणि आलामोगोर्डोमधल्या कूलस्टन फाउंडेशनच्या हाती बरेचसे गेले.

कॅरोल नून या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी हवाई दलाला कोर्टात खेचलं आणि तडजोडीत 21 चिंपांझी मिळवले. त्यांच्यासाठी फ्लोरिडात फोर्ट पिअर्सला जागा उभी केली. तेवढ्यात 2002 मध्ये कूलस्टन आर्थिकदृष्ट्या कोसळलं आणि नूनबाईंच्या 'सेव्ह द चिंप्स'च्या पदरात एकदम 266 चिंपांझी पडले, तिथल्या रुक्ष इमारतींसकट. त्यांनी आधी काय केलं हे मला फार शहाणपणाचं वाटतं. लगेच कुणाला फ्लोरिडाला हलवलं नाही. तिथल्या तिथे शेजारच्या पिंजऱ्यांमधली दारं उघडून एकेकट्यांना सोबत दिली, ताजी फळं सुरू केली, पांघरायला ब्लँकेटं दिली. एकमेकांशी जमतंय असं दिसल्यावर कुटुंबं बांधली, आणि मग ट्रकने दहा-दहा जण हजारो किलोमीटर पूर्वेला नेले. शेवटचा ट्रक 2011 च्या डिसेंबरात पोचला. नूनबाई त्याआधी 2009 मध्ये गेल्या होत्या.

फोर्ट पिअर्सला सुमारे तीन-तीन एकरांची बारा बेटं आहेत, भोवती पाण्याचे चर. चिंपांझीला पोहता येत नाही, म्हणून पाणी हेच कुंपण. प्रत्येक बेटाला जोडून रात्रीची इमारत. तिचं दार उघडून ठेवायचं आणि थांबायचं. काही जण त्याच दिवशी बेटाच्या टोकापर्यंत गेले. काहींनी बाहेरच्या सिमेंटपर्यंत यायला आठवडे घेतले, गवतावर पाय ठेवायला महिने. गच्चीवरच्या त्या उघड्या पिंजऱ्यांचा अर्थ मला हे वाचताना अधिक कळला. प्राण्याकडून सगळ्यात आधी काढून घेतलेली गोष्ट म्हणजे नाही म्हणायची सोय, आणि परत देताना तीच आधी द्यावी लागते.

वैद्यकीय तपासणीतही तेच तत्त्व. प्रयोगशाळेत चिंपांझीला बेशुद्ध करायला बहुधा बंदुकीने सुई मारायचे. अभयारण्यात त्याला जाळीशी येऊन दंड टेकवायला शिकवतात, टोचून घेतलं की फळ. आला नाही तर उद्या.

लुइझियानात किथव्हिल गावाजवळ 'चिंप हेवन' आहे, सुमारे 200 एकर, पाइनचं जंगल. 2000 साली अमेरिकन संसदेने कायदा करून सरकारी प्रयोगांतल्या चिंपांझींच्या निवृत्तीची सोय केली, आणि खर्चाचा तीन चतुर्थांश वाटा सरकारने उचलायचं ठरवलं. चिंपांझी पन्नास वर्षंही जगतो, तेव्हा ही पेन्शन लांबलचक आहे. पैदास होऊ नये म्हणून नरांची नसबंदी करतात. तरी 2007 मध्ये तिथे एक पिल्लू जन्माला आलंच.

2015 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी आपले सगळे चिंपांझी निवृत्त केले. आता प्रश्न निघाला म्हाताऱ्यांचा. आलामोगोर्डोत उरलेले या संस्थांचे 44 चिंपांझी इतके आजारी आहेत की प्रवासानेच मरतील, म्हणून ते तिथेच राहोत, असं संस्थांनी 2019 मध्ये जाहीर केलं. प्राणिमित्र संघटना कोर्टात गेल्या आणि 2022 च्या डिसेंबरात न्यायाधीशांनी त्या निर्णयाला कायद्याचा भंग ठरवलं. कायद्याच्या बाजूने मी आहे. पण तीस-चाळीस वर्षं एका जागी काढलेल्या हृदयविकाराच्या म्हाताऱ्या जनावराला शेवटच्या वर्षात ट्रकमध्ये घालावं का, हे त्याच्याजवळ रोज बसणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय मी सांगणार नाही.

ज्यांना डोळे नाहीत

म्हणजे बीगलसारखे डोळे नाहीत. या लेखासाठी फिरताना एक गोष्ट टोचत राहिली. प्रयोगशाळांतले बहुसंख्य प्राणी उंदीर आणि घुशी. त्यांच्यासाठी ना गच्ची, ना बेट. पुनर्वसन हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्यासारख्या लेख लिहिणाऱ्यांपर्यंतही ते पोचत नाहीत.

माकडांची गोष्ट आपल्या अंगणातली. पोलिओच्या लशीसाठी माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशी लागायच्या, आणि त्या काळात उत्तर भारतातली लाल तोंडाची माकडं प्रचंड संख्येने परदेशी गेली. वैद्यकासाठी म्हणून नेलेली माकडं लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत वापरल्याचं उघड झालं, आणि 1978 मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने निर्यात बंद केली. त्या माकडांचे वंशज आजही अमेरिकन प्रयोगशाळांत आहेत, 'भारतीय वंशाची' अशी नोंद घेऊन. चिंपांझीसारखी निवृत्ती त्यांच्यातल्या फार थोड्यांना मिळते.

प्रयोगच कमी होणं हा खरा उपाय, आणि त्या दिशेने हालचाल आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांवर भारताने 2014 मध्ये बंदी घातली. औषधांच्या बाबतीत प्राण्यांशिवायच्या पद्धतींना 2023 च्या नियमदुरुस्तीने आपल्याकडे वाट मोकळी झाली. अमेरिकेने 2022 च्या अखेरीस तसाच कायदा केला. पण आज जी कुत्री पिंजऱ्यात आहेत त्यांना या बदलाचा उपयोग एवढाच, की त्यांची जागा घ्यायला पुढे कमी कुत्री येतील. त्यांना स्वतःला घरच लागेल.

दिवाळी आणि फॉर्म

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा कोथरूडमध्ये फटाके सुरू झालेले असतील. ठमीच्या घरी त्याची तयारी गणपतीपासूनच चालते. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावायचा आणि अंडं द्यायचं, दर आठवड्याला आवाज एक घर वाढवायचा. आतल्या खोलीच्या खिडकीला रजई, पंखा पूर्ण वेगात, कोपऱ्यात तिचा उघडा पिंजरा. संध्याकाळचं फिरणं त्या चार दिवसांत नाही, पहाटे साडेतीनला खाली. गेल्या वर्षी ते सगळे तिला घेऊन वाईजवळच्या नातेवाइकांच्या मळ्यावर गेले होते. तिथे फटाके नव्हते, पण नवी जागा होती, आणि ती दोन दिवस जेवली नाही. यंदा घरीच.

बंगळुरूहून निघायच्या दिवशी ताईंना महाराष्ट्रातून एका गृहस्थांचा फोन आला. शहराबाहेर बंगला, मोठी बाग, माणसं ठेवलेली, पैशाला कमी नाही. बीगल हवा होता. ताईंनी स्पीकर लावला आणि फॉर्म समोर घेतला. घरात दुसरं कुत्रं आहे का? नाही, म्हणून तर हवाय. फाटक दिवसभर बंद असतं का? माळी, बाई, ड्रायव्हर येत-जात असतात. कुत्रा रात्री कुठे झोपेल? बागेत घर बांधून देऊ, एसी लावून देऊ.

ताईंनी आत्ता नको म्हणून सांगितलं. आधी एखादं गावठी पिल्लू घ्या, वर्षभर घरात सांभाळा, फाटकाला आतून जाळीचं दुसरं दार करा, मग फोन करा. गृहस्थ चिडले. प्रयोगशाळेपेक्षा तरी त्यांचं घर बरंच होतं ना, असं त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

"लॅबमधून ते पळून गाडीखाली येत न्हाईत, साहेब," ताई म्हणाल्या. फोन ठेवला, फॉर्मवर 'जाळी, दुसरं कुत्रं' असं लिहिलं आणि तो फाडून न टाकता 'पुढच्या वर्षी' लिहिलेल्या फायलीत लावला. त्या फायलीत आधीचे फॉर्म बरेच होते.